प्रविण मोकल यांचे तीन पत्ते

[ मुख्य पान ]

१९९९ च्या फेब्रुवारीत मी संगणकाचा कोर्स पूर्ण केला आणि त्यानंतर आमच्या घरात माझ्याशी बोलणं अवघड होऊन बसलं. हे मत माझ्या बायकोचं, रंभाचं. आमटीत मीठ जास्त पडलं तर मी 'इनपुट चुकला' म्हणायचो. वीज गेली की 'सिस्टिम डाउन' म्हणायचो, आणि वीज तर रोह्यात रोजच जायची. धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी स्टोअरचा क्लार्क. आलेले ड्रम उतरवून घ्यायचे आणि गेलेले ड्रम गेले असं लिहायचं, एवढंच माझं काम. पण त्या दिवसांत माझी मान अशी ताठ असायची, की सर्टिफिकेट फ्रेमसकट गळ्यात अडकवलं असावं.

इतकी ताठ मान घेऊन माणूस सासुरवाडीला गेला की काहीतरी होतंच.

रंभाचं माहेर पेणचं. तिचा थोरला भाऊ काळुराम, याचा तिथे गणपतीचा कारखाना. जेवण झाल्यावर मी काळूदादाला सांगितलं की तुमच्या कारखान्याला वेबसाइट पाहिजे. त्यानं काय होतं, असं त्यानं विचारलं. जगातला कुठलाही माणूस घरबसल्या आपल्या मूर्तीची चौकशी करू शकतो, मी म्हणालो. यावर तो थोडा विचार करून म्हणाला की चौकशी करणारा माणूस कुठूनही इथे येतोच की, आणि आला की चहा पिऊन जातो.

मी तिथेच थांबायला हवं होतं. चहासुद्धा झाला होता.

[ आमच्याविषयी ]

आमच्याकडे मूर्ती सांगायची म्हणजे पाट द्यायचा. घरचा पाट कारखान्यात आणून ठेवायचा, त्यावर खडूनं घरवाल्याचं नाव लिहायचं. चतुर्थीला त्याच पाटावर मूर्ती घरी येते. पाट म्हणजे घर. भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या, शेतं वाटून घेतली, विहिरीवर वार लावून घेतले, तरी गणपती एकच राहतो. तो मूळ घरी. ज्यानं वेगळा पाट दिला तो कायमचा वेगळा झाला, असं गाव समजतं. आणि एकदा आणलेला गणपती सोडता येत नाही. तो दरवर्षी आणायचा, नंतर मुलांनी आणायचा.

यात काळूदादाचा आणखी एक स्वतःचा नियम होता, बापापासून आलेला. बिननावाच्या मूर्ती चतुर्थीनंतर उरल्या तर उरू द्याव्यात, माळ्यावर ठेवता येतात. पण ज्या पाटावर नाव लिहिलं ती मूर्ती कारखान्यात राहता कामा नये. त्याच्या बापाच्या काळात एकही राहिली नव्हती, त्याच्या काळातही नाही. इतर कारखानदार ॲडव्हान्स घेत. काळूदादा नाव घेई, आणि पेणच्या गल्लीत त्याची जी काही किंमत होती ती याच्यावर होती.

हे सगळं मी संगणकात आणलं. ई-मेलचा पत्ता म्हणजे पाट. एक पत्ता, एक पाट, एक मूर्ती. कल्पना सुचली तेव्हा मी पॅसेंजरमधून रोह्याला परत येत होतो आणि नागोठण्यापर्यंत स्वतःवर खूश होतो. कल्पना वाईट नव्हती, असं मला अजूनही वाटतं.

(यापुढच्या परिच्छेदात मी माझी बाजू सविस्तर मांडली होती. तो परिच्छेद उघडत नाही.)

[ बांधकाम चालू आहे ]

रोहा स्टेशनच्या वाटेवर अमोल नावाच्या माणसाचा एसटीडी बूथ होता. त्यानं मध्ये प्लायवुड मारून पलीकडे दोन संगणक ठेवले आणि बाहेर 'सायबर कॅफे' असं रंगवून घेतलं. कॅफे म्हणायला शेजारच्या टपरीवरून चहा यायचा. फुकटात जागा देणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या संगणकावर मी आमची साइट तिथे बसून उभारली. पान उघडायला इतका वेळ लागे की मधे तो चहा येऊन, पिऊन, ग्लास परत जात. पण उघडल्यावर समई लुकलुकत असे. खाली फावड्यानं खणणारा एक छोटा माणूस होता. बांधकाम चालू असल्याची खूण. तो शेवटपर्यंत खणत राहिला.

गिऱ्हाइकानं आपला पत्ता आणि पासवर्ड टाकायचा, की त्याची मूर्ती कुठवर आली ते दिसे: माती, सुकवण, रंग, आखणी. आखणी म्हणजे डोळे लिहिणं. ते काम काळूदादा दुसऱ्या कोणाला देत नसे. शिवाय गिऱ्हाइकाला आपली हौस लिहिता येई. मोरावर बसलेला हवा, पितांबर अमुक रंगाचं हवं. ती हौस मी चिठ्ठीवर उतरवून पेणच्या एसटीच्या कंडक्टरकडे देत असे. इंटरनेट नागोठण्याच्या पुढे एसटीनं जात होतं.

रोह्यातल्या लोकांकडे ई-मेल नव्हता. अमोल उदार. तो म्हणाला, कॅफेचा पत्ता टाका, आपलाच आहे. तो टाकला कोर्टातल्या नाझरांनी, तो टाकला आमच्या कंपनीतल्या फोरमननी आणि तोच टाकला शाळेतल्या एका बाईंनी. तीन घरं, पण माझ्या नियमानं गिऱ्हाईक एक आणि मूर्ती एक.

सोमवारी नाझर येऊन बघत, आपली मूर्ती सिंहासनावर आहे. ते लिहीत, मोर हवा. बुधवारी फोरमनना मोर दिसे. ते लिहीत, मोर कशाला, मागे नागफणा करा. शनिवारी बाई येत आणि नाग बघून दचकत. पेणला काळूदादाची माणसं मोर मोडून नाग करत होती आणि नाग मोडून सिंहासन. पाचव्या की सहाव्या चिठ्ठीनंतर त्याचा कंपनीत फोन आला. आवाज हळू होता.

"भावोजी, या गिऱ्हाइकाच्या घरात कोन वारलंय काय? मानूस ठिकानावर नाय वाटत."

सगळं उघड झालं ते तिघं एकाच संध्याकाळी कॅफेत भेटले तेव्हा. कोर्टातला माणूस मोठ्यानं बोलू लागला की टपरीवाला चहा आणायचा थांबतो, हे मला त्या दिवशी कळलं. काळूदादानं आणखी दोन मूर्ती घातल्या आणि ते प्रकरण मिटलं. माझ्या मनात मात्र मिटलं नाही. मी साइटवर मोठ्या लाल अक्षरांत घातलं: प्रत्येक घरानं स्वतःचाच पत्ता द्यावा. सामाईक पत्ता चालणार नाही. वेगळा पत्ता तो वेगळाच पाट धरला जाईल.

शेवटचं वाक्य मी अधोरेखित केलं होतं. त्याची शिक्षा पुढे आहे.

[ वारंवार विचारले जाणारे प्रश्न ]

ई-मेलचा पत्ता काढायला रेशनकार्ड लागतं का?
नाही.

मग तो पत्ता खरा कशावरून?
(या प्रश्नाचं उत्तर तयार होत आहे.)

घर बदललं तर तो बदलतो का?
नाही.

घर नसलं तर?
तरी असतो.

मग त्याला पत्ता का म्हणतात?

हे सगळे प्रश्न वारंवार विचारणारा माणूस एकच होता. आमच्या खालच्या मजल्यावरचे दाजी. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, आणि शिक्का नसलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास न ठेवणारे. माझ्या साइटवर शिक्का नव्हता, म्हणून त्यांनी ती ताब्यात घेतल्यासारखं लक्ष घातलं.

[ परदेशी गिऱ्हाईक ]

त्याच सुमाराला अमेरिकेहून प्रविण मोकल यांचं पत्र आलं. मग दुसऱ्या पत्त्यावरून प्रविण मोकल यांचं पत्र आलं. मग तिसऱ्या.

मी तीन पाट धरले.

पेणकडच्या वाचकाला यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. खाडीकडच्या कुठल्याही गावात उभं राहून 'प्रविण मोकल' अशी हाक मारून बघा. एकजण मिठागरातून ओ देईल, एकजण भाताच्या खाचरातून, आणि गावाबाहेर पडलेल्या एसटीतून एकजण डोकं बाहेर काढील. असे तीन मोकल अमेरिकेत असले तर त्यात काय विशेष? उलट मला अभिमान वाटला. कंपनीत मी सांगितलंही, की आपल्याकडचे तीन मोकल तिकडे आहेत, तिघंही श्रद्धाळू आणि तिघांनाही एकाच उंचीची मूर्ती हवी आहे. गाववाल्यांची आवड सारखी असते.

पहिल्या मोकलांना पितांबर पिवळं हवं होतं. दुसऱ्यांना लाल. तिसऱ्यांनी लिहिलं, रंग आधी सांगितल्याप्रमाणे. मी त्यांना नम्रपणे कळवलं की आपण आधी काहीच सांगितलेलं नाही, हे आपलं पहिलंच पत्र आहे. त्यावर पहिल्या मोकलांचं उत्तर आलं, की अहो, सांगितलं होतं. मध्यस्थी केल्याबद्दल मी पहिल्यांचे आभार मानले. तिसऱ्यांचा रंग शेवटी काळूदादानं स्वतःच्या मनानं जांभळा धरला.

परदेशी मूर्ती बोटीनं जातात, म्हणून त्या लवकर निघतात. पिवळी मे महिन्यातच गेली. बाकी दोघांनी कुठे पाठवायची ते कळवलं नव्हतं. मी वाट बघत होतो आणि मनातल्या मनात त्यांना आळशी म्हणत होतो.

आता साइटवर 'आमची गिऱ्हाइकं' असं एक पान होतं आणि त्यात एकाखाली एक तीन प्रविण मोकल दिसत होते. दाजींना ते खटकलं. सातबाऱ्यावर एकाच नावाचे तीन इसम असले तर वडिलांचं नाव घालतात, तसं काहीतरी घाला, म्हणाले. मी म्हटलं, ई-मेलचा पत्ता घालता येईल, पण तो सगळ्यांना दिसेल. दाजींनी चष्मा काढला. पाटावरचं नाव कोणी फडक्यानं झाकतं का, त्यांनी विचारलं. पत्ता लपवणारा माणूस आणि वादातली जमीन, दोन्हीपासून लांब राहावं.

मी सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते नावापुढे उघडे मांडले.

त्या उन्हाळ्यात अर्धं रोहा अमोलकडे ई-मेल शिकत होतं. शिकले सगळे, पण लिहायचं कोणाला? ज्यांना लिहायचं ते शेजारच्या संगणकावर बसलेले असत. माझ्या पानानं त्यांना माणसं मिळवून दिली. इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लोकांनी तिन्ही मोकलांना पत्रं लिहिली. कोणी मुलाच्या नोकरीचं विचारलं, कोणी भाचीची पत्रिका पाठवली आणि तिन्ही मोकलांपैकी जो अविवाहित असेल त्यानं कळवावं, असं सुचवलं. दाजींनी खाडीपलीकडच्या एका जमिनीच्या जुन्या नोंदीत मोकल नाव असल्याचं लिहून खुलासा मागवला आणि पंधरवड्यानं स्मरणपत्र धाडलं. तिन्ही पत्त्यांवर, वेगवेगळं.

मग एका पावसाळी संध्याकाळी एकाच वेळी तीन पत्रं आली. मजकूर एकच होता.

तिन्ही पत्ते माझेच आहेत. एक ऑफिसचा, एक घरचा, एक फुकटचा. तुमच्या गावच्या लोकांच्या पत्रांमुळे ऑफिसात साहेबानं मला बोलावून घेतलं. पत्ते ताबडतोब काढा. मूर्ती पोचली, फार सुंदर आहे, काळुरामदादांना नमस्कार.

तीनदा आलं म्हणून मी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच निघालं.

[ दुरुस्ती ]

आधी सोपं काम उरकलं. पत्ते झाकले, आणि घाबरून नावंही झाकली. दुसऱ्या दिवशी नाझर दारात. आमचं नाव का काढलं? काळुरामच्या कारखान्यातून नाव जाणं म्हणजे काय हे तुम्हाला कळतं का? मग मी रात्रंदिवस खपून एक सोय केली: आपला पत्ता दाखवायचा की लपवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. झाडून सगळ्यांनी एकच कळवलं. माझा लपवा, बाकीच्यांचे दाखवा.

मग अवघड काम. मी पेणला गेलो.

कारखान्यात मूर्तींच्या ओळी लागल्या होत्या आणि ओल्या रंगाचा वास होता. लाल पितांबराची आणि जांभळ्या पितांबराची, अशा दोन मूर्ती एका कोपऱ्यात होत्या, दोन्ही पाटांवर खडूनं एकच नाव. मी काळूदादाला सांगितलं. त्यानं हातातला ब्रश पाण्यात ठेवला.

"एका मानसाला तीन पत्ते कशाला? पळून गेलेला हाय काय?"

मी म्हटलं, तिकडे पद्धत आहे. एक कामाचा, एक घरचा.

"मंग तिसरा?"

"जिथे आपलं खरं काही सांगायचं नसतं, तिथे द्यायला."

"पन नाव तं त्यानं खरंच दिलंय."

मी म्हटलं, खडूच आहे, पुसता येईल. काळूदादानं खुंटीवरचं फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. काम करणारी माणसं थांबली. मी पाटापाशी बसलो, फडकं धरलं आणि धरूनच राहिलो. समोरच्या मूर्तीला अजून डोळे नव्हते. तरी ती बघत होती असं मला वाटलं, हे मी कोर्सच्या मास्तरांना कधी सांगणार नाही.

"नाय ना पुसवत?" काळूदादा म्हणाला. "मंग घर शोधा. नावाचं. तोपर्यंत मी डोले नाय लिवनार. समोर घरच नसंल तं त्यानं बघायचं कोनाकडं?"

[ शोध ]

शब्द लिहून 'शोधा' वर बोट दाबलं की जगातलं काहीही सापडतं, असं मी कोर्समध्ये शिकलो होतो. पेण-रोह्यातले प्रविण मोकल मी स्कूटरवरून शोधले. मला असा प्रविण मोकल हवा होता, ज्याच्या घरी गणपती नाही आणि ज्याला तो कायमचा हवा आहे.

फुकटची गोष्ट कोणालाही देता येते, असा माझा समज होता. गणपती देता येत नाही. फुकट मिळालेला असला तरी पुढच्या वर्षी तो आणावा लागतो, आणि त्याच्या पुढच्या. मी दारात उभं राहून जे पुढे करत होतो ते पुढच्या पिढ्यांना लागणारं काम होतं.

कोलाडला हायवेवर एका प्रविण मोकलांचं जेवणाचं हॉटेल होतं. ते नाहीच म्हणाले. धंदा कधी बंद नसतो, गणपतीला वेळ कोण देणार? तेवढ्यात आतून त्यांची बायको वैशाली हात पुसत आली आणि तिनं मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. दीड दिवस हॉटेल बंद ठेवावं लागेल का, तिनं विचारलं. मी म्हटलं, लागेल. दरवर्षी? दरवर्षी. लग्न होऊन आल्यापासून तिनं बंद शटर आतून पाहिलं नव्हतं. लाल पितांबराची मूर्ती तिनं त्याच क्षणी घेतली. मोकलांना विचारलंही नाही.

उरली जांभळी.

धाटावला दुसऱ्या एका कंपनीत एक प्रविण मोकल होते. मी पहिल्या शिफ्टला गेलो की ते दुसरीला असत आणि दुसरीला गेलो की तिसरीला. गेटवरचा माणूस त्यांना आधी सांगतो, हे मला उशिरा कळलं. खाडीकडच्या एका गावातले मोकल सहा भावांच्या घरात राहत होते. मी 'तुमच्या नावाचा वेगळा गणपती' एवढंच म्हणालो, तर आतून थोरला भाऊ आला आणि कोण वेगळा होतोय ते त्याला लगेच कळायला हवं होतं. म्हातारी आई रडायला लागली. त्या घरात कधी भांडण झालं नव्हतं म्हणे. मी इतक्या घाईनं निघालो की चपला तिथेच राहिल्या. पेणमधल्या एका गृहस्थांनी तर आपण प्रविण मोकल नाहीच, असं मला नावाच्या पाटीखाली उभं राहून सांगितलं.

बातमी पसरली. पेणच्या बाजारात मी दिसलो की माणसं गल्ली बदलत. नाव मोकल नसलेलीसुद्धा.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी मी शेवटचा उपाय म्हणून अमेरिकेला लिहिलं, की तुमच्या नावाची एक मूर्ती अजून आहे, काय करू? उत्तर तिसऱ्या पत्त्यावरून आलं. हा फुकटचा पत्ता मी सोडून देतोय, तो तुमच्या दाजींच्या खुलाशांनी भरून गेलाय. हवा असेल तर तुम्हीच घ्या. खाली पासवर्ड दिला होता.

मला टोमणा कळतो. मी तो कागदावर छापून घेतला आणि गिऱ्हाइकानं अंग काढून घेतल्याचा पुरावा म्हणून पेणला निघालो.

[ आखणी ]

कारखान्यात पाटांची ने-आण सुरू झाली होती. माणसं डोक्यावर मूर्ती घेऊन बाहेर पडत होती आणि प्रत्येक वेळी काळूदादा उंबऱ्यापर्यंत जात होता. कोपऱ्यात एकच पाट हलला नव्हता. पाटाकडे कोणी बघत नव्हतं आणि माझ्याकडेही. गल्लीतले दुसरे कारखानदार कशाला तरी आल्यासारखे येऊन, तो कोपरा पाहून जात होते. काळूदादाच्या दाढीचे खुंट मी पहिल्यांदाच पांढरे पाहिले.

रंभा दरवर्षीप्रमाणे मदतीला आलेली. तिनं माझ्या हातातला कागद घेऊन वाचला.

इथे एक सांगायला हवं. रंभा मूर्तींच्या घरात वाढली, पण तिच्या स्वतःच्या घरात कधी गणपती बसला नाही. आमचा गणपती शिर्कीला, माझ्या थोरल्या भावाकडे, शिवादादाकडे. लग्न झाल्यापासून ती दर चतुर्थीला जावेच्या स्वयंपाकघरात मोदक वळत आली. तिथे झारा कुठे ठेवायचा तेही जाऊबाईच सांगत. आपला वेगळा आणू या, असं ती एकदाच म्हणाली होती आणि घर फुटेल म्हणून मी विषय बदलला होता. बहुतेक मी तेव्हा 'सिस्टिम' वगैरे काहीतरी म्हणालो असेन.

तिनं कागद घडी केला.

"हा तिसरा पत्ता आता कुणाचा?"

"तसा कुणाचाच नाही. पासवर्ड आपल्याकडे आहे."

"पत्ता ज्याचा, गिऱ्हाईक तो. तुम्हीच लिहिलंय ना साइटवर?"

मी म्हटलं, तत्त्वतः.

"मग झालं. पत्ता रिकामा आहे. आपण राहायला जाऊ."

मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही. ती पदर खोचून पाटापाशी जाऊन उभी राहिली होती आणि काळूदादा तिच्याकडे बघत होता. मग तो माझ्याकडे वळला. आतापर्यंत तो माणूस मला एक वाकडा शब्द बोलला नव्हता.

"पाट तं मोकलांचा हाय," तो म्हणाला. "तुमचं नाव काय, भावोजी?"

त्या हंगामात माझी इज्जत थोडी थोडी करून गेलीच होती. काही नाझरांनी नेली, काही त्या सहा भावांच्या अंगणात चपलांबरोबर राहिली. उरलं होतं ते नाव. दिनानाथ गावंड, वडिलांनी ठेवलेलं. सगळा कारखाना थांबला होता.

"प्रविण मोकल," मी म्हणालो.

काळूदादानं बारीक ब्रश घेतला, पाटासमोर मांडी घातली आणि रंभाला म्हणाला, "समोर उभी रहा गो. अशी. हालू नको." मग त्यानं डोळे लिहिले.

[ संपर्क ]

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवादादा शिर्कीहून आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की दिनानाथनं रोह्याला वेगळा गणपती मांडला. तो चपला न काढता दारातच उभा राहिला. आमच्या घरात दादानं चपला न काढणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. आरतीला आलेले दाजी ताम्हन धरून भिंतीला टेकले.

"वेगळा झालास?" दादानं विचारलं.

रंभानं समोरचं निरांजन थोडं बाजूला केलं आणि पाटाच्या कडेकडे बोट दाखवलं. दादानं लांबूनच वाचलं.

"हे मोकल कोण?"

"अमेरिकेत असतात," मी म्हणालो.

"मग त्यांचा गणपती इथं कसा?"

"त्यांचे तीन पत्ते आहेत, दादा. तिसरा इथला आहे."

दादानं दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणजे जमिनीच्या कामातला शब्द, तो शिर्कीतही मानला जाई. ज्या माणसानं मला हंगामभर ई-मेल खरा कशावरून असं विचारलं होतं, त्या माणसानं घसा साफ केला आणि नोंद मोकलांच्याच नावची आहे, गावंडांचा यात कुठेही संबंध येत नाही, असं ठामपणे सांगितलं.

दादानं चपला काढल्या. आत आला, हात धुतले आणि आरतीला उभा राहिला. प्रसादाचे मोदक त्यानं रंभाच्या हातचे खाल्ले, एकाहून जास्त. निघताना उंबऱ्यावर थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षी त्या मोकलांना बोलाव. गणपती आहे त्यांच्याकडे, आणि स्वतः येत नाहीत, हे बरं दिसत नाही."

त्याच संध्याकाळी विसर्जन करून आल्यावर मी अमोलकडे गेलो आणि तिसऱ्या पत्त्यावरून पहिल्या पत्त्याला तसं कळवलं.

उत्तर दुसऱ्या पत्त्यावरून आलं. येतो, पण एकटाच.